जेसल पार्कचे ऊन आणि काचेच्या पोटातील वायू

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, भाईंदर स्थानकाच्या पूर्वेस, मिठागरांच्या आणि खारफुटीच्या शेजारी वसलेल्या जेसल पार्कमध्ये राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला घर घेताना आजवर किमतीची, पाण्याची आणि स्थानकापासूनच्या अंतराची चौकशी पुरेशी वाटत असे. परंतु मुंबईच्या उपनगरांतून उंच इमारतींची जी नवी पिढी उभी राहत आहे, तिच्या जाहिरातपत्रकांत दुहेरी काचेच्या आणि त्या दोन काचांमध्ये अरगॉन वायू भरलेल्या खिडक्यांचा उल्लेख आता होऊ लागला असल्यामुळे, ज्याने पदार्थविज्ञानाचे पुस्तक शाळेनंतर उघडले नाही अशा गृहस्थावरही एका वायूच्या उष्णतावाहकतेसाठी पैसे मोजावेत की नाही, याचा निर्णय करण्याची पाळी येत आहे. हा प्रश्न क्षुल्लक नाही. खिडकी ही घराच्या भिंतीतील सर्वांत महाग आणि उष्णतेच्या दृष्टीने सर्वांत दुर्बळ जागा असते. तिच्या निवडीत एकदा झालेली चूक पुढची तीस-चाळीस वर्षे विजेच्या देयकातून दरमहा वसूल होत राहते. माझे प्रतिपादन असे आहे की, या वायूंचे शास्त्र खरे आहे, त्यांचे आकडेही खरे आहेत, मात्र ते आकडे ज्या आकाशाखाली मांडले गेले ते आकाश आपले नव्हे. म्हणून भाईंदरच्या खिडकीचा हिशेब भाईंदरच्या हवामानावर मांडल्याशिवाय तिच्या पोटात कोणता वायू आहे, या प्रश्नाला दुय्यम महत्त्वच दिले पाहिजे.

प्रथम या खिडकीची रचना ध्यानात घेऊ. सहा मिलिमीटर जाडीची एक काच, तिच्यापासून बारा मिलिमीटर अंतरावर तितक्याच जाडीची दुसरी, दोहोंच्या कडेने ओलावा शोषणारे दाणे भरलेली धातूची पोकळ पट्टी, आणि त्या पट्टीच्या बाहेरून लावलेले दुपदरी सील, अशा हवाबंद तावदानाला व्यापारी लोक डीजीयू म्हणतात आणि सहा-बारा-सहा या मापाने ओळखतात. मधल्या पोकळीत साधी कोरडी हवा ठेवता येते, अथवा ती काढून तिच्या जागी अरगॉन, क्वचित क्रिप्टॉन किंवा झेनॉन भरता येतो. हे तिन्ही वायू आपल्या भोवतालच्या हवेतच आहेत. अरगॉनचे हवेतील प्रमाण शेकडा सुमारे ०.९३ आहे, म्हणून हवा द्रवरूप करून प्राणवायू वेगळा काढणाऱ्या कारखान्यांत तो जोडउत्पादन म्हणून मुबलक मिळतो. क्रिप्टॉन मात्र दहा लाख भागांत सुमारे एक भाग आणि झेनॉन त्याच्याही दहाव्या हिश्श्याहून कमी, त्यामुळे त्यांची किंमत सामान्य गृहबांधणीच्या आवाक्याबाहेरची राहते.

या वायूंच्या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो, हे आपल्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅम्से या दोघा शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये अरगॉनचा शोध जाहीर केला. त्यानंतर चार वर्षांनी, १८९८ मध्ये, रॅम्से आणि त्यांचे सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन हे वायू हवेतून वेगळे केले. मुंबईच्या जमशेटजी टाटांनी विज्ञानसंस्थेची जी योजना आखली होती तिच्या चौकशीसाठी १९०० मध्ये हेच रॅम्से हिंदुस्थानात आले, त्यांनी बंगळूर हे स्थान सुचविले, आणि त्या संस्थेचे पहिले संचालक म्हणून १९०६ मध्ये नेमणूक झाली ती ट्रॅव्हर्स यांची. आज ज्या दुर्मीळ वायूंची नावे खिडकीच्या दरपत्रकात छापली जातात, ते वायू प्रथम ज्या हातांनी वेगळे केले त्याच हातांकडे एका मुंबईकराच्या दानातून उभ्या राहिलेल्या संस्थेचा आरंभीचा कारभार होता. ज्ञानाची परंपरा इतकी निकट असताना तिचे निष्कर्ष केवळ विक्रेत्याच्या तोंडून ऐकून स्वीकारणे आपणांस शोभत नाही.

आता वायूंचे गुणधर्म पाहू. दहा अंश सेल्सिअस तापमानाला हवेची उष्णतावाहकता, दर मीटरला व दर अंशाला मोजली असता, सुमारे ०.०२५० वॉट भरते, अरगॉनची ०.०१६८, क्रिप्टॉनची ०.००९० आणि झेनॉनची केवळ ०.००५३. म्हणजे अरगॉन हवेच्या दोन तृतीयांश, क्रिप्टॉन एक तृतीयांशाहून थोडी अधिक आणि झेनॉन एक पंचमांशाच्या आसपास उष्णता वाहून नेतो. याचे कारण त्यांच्या अणूंच्या जडपणात आहे. समान तापमानाला जड कण हलक्या कणांपेक्षा संथ गतीने फिरतात, आणि वायूतून उष्णतेची वाहतूक ही या कणांच्या टकरींतूनच होत असल्यामुळे कण जितका जड तितकी ती वाहतूक मंद. शिवाय हवेतील नायट्रोजन व प्राणवायू यांचे रेणू जोडीने असतात आणि भ्रमणाच्या रूपानेही ऊर्जा वाहतात, तर अरगॉनादी वायूंचे अणू एकएकटे असल्याने त्यांच्याजवळ ती सोय नसते.

परंतु पोकळीतील वायू स्थिर उभा राहत नाही. तापलेल्या काचेजवळचा वायू हलका होऊन वर चढतो, थंड काचेजवळचा खाली उतरतो, आणि पोकळी रुंद असेल तर हे अभिसरण वहनाने वाचविलेली उष्णता पुन्हा पलीकडे नेऊन पोहोचविते. हे अभिसरण केव्हा सुरू होईल ते ठरविणारी जी संख्या आहे, तिला अरगॉनच्या त्याच शोधकाच्या नावावरून रॅले अंक म्हणतात. वायूची घनता, श्यानता, विशिष्ट उष्णता, दोन्ही काचांतील तापमानाचा फरक आणि पोकळीच्या रुंदीचा घन, या सर्वांचा मेळ तीत घातलेला असतो. जड वायू वहनात मंद असला तरी त्याचे अभिसरण लवकर सुरू होते. म्हणून हवेला व अरगॉनला पंधरा-सोळा मिलिमीटर पोकळी मानवते, तर क्रिप्टॉनचा लाभ दहा-बारा मिलिमीटरपर्यंतच टिकतो. संगणकावर खिडकीचे सिम्युलेशन करणारे अभियंते प्रत्येक वायूची वाहकता, श्यानता आणि विशिष्ट उष्णता ही तापमानानुसार बदलणारी धरतात, वायूंचे मिश्रण असेल तर त्याचे गुणांक वेगळ्या सूत्राने काढतात, आणि कारखान्यात पोकळी संपूर्णपणे भरली जात नसल्यामुळे शेकडा ९० अरगॉन व १० हवा असे प्रमाण गृहीत धरण्याचा शिरस्ता पाळतात. या शास्त्राची काटेकोर शिस्त मला आदरणीय वाटते, आणि जे सांगायचे आहे ते तिच्याच आधारे सांगतो.

पहिला मुद्दा प्रारणाचा. साध्या, लेप नसलेल्या दोन काचांमध्ये आपल्याकडील तापमानाला प्रारणाने होणारा उष्णतेचा विनिमय दर चौरस मीटरला व दर अंशाला सुमारे ४.४ वॉट इतका असतो. बारा मिलिमीटर हवेतून वहनाने जाणारी उष्णता सुमारे २.२ वॉट, आणि अरगॉन भरल्यास सुमारे १.५ वॉट. म्हणजे एकूण उष्णतेचा दोन तृतीयांश भाग वायूला स्पर्शही न करता एका काचेकडून दुसरीकडे जातो. वायू बदलून जे वाचते ते उरलेल्या एक तृतीयांशाचा तिसरा हिस्सा होय. काचेच्या आतील पृष्ठभागावर चांदीचा अतिसूक्ष्म लेप देऊन तिची उत्सर्जनक्षमता ०.८४ वरून ०.०४ पर्यंत उतरविली, म्हणजे धंद्याच्या भाषेत लो-ई काच वापरली, तरच प्रारणाचा मोठा मार्ग बंद होतो आणि मग वायूची निवड अर्थपूर्ण ठरते. लेपाविना अरगॉन म्हणजे मुख्य दरवाजा उघडा टाकून खिडकीला कडी घालणे होय. ज्या दरपत्रकात अरगॉनचा उल्लेख आहे परंतु लेपाचा नाही, त्यावर ग्राहकाने सही करू नये.

दुसरा मुद्दा सीमास्थितीचा, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. अमेरिकेत खिडकीचा उष्णतापारगमन गुणांक, ज्याला यू-व्हॅल्यू म्हणतात, तो काढताना बाहेरचे तापमान उणे १८ अंश आणि आतले २१ अंश धरण्याची पद्धत आहे. युरोपीय मानकात वायूचे गुणधर्म सरासरी दहा अंश तापमानाला घेतले जातात. त्या देशांच्या हिवाळ्यासाठी हे सर्वस्वी योग्य आहे. टोरांटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या खिडकीबाहेर जानेवारीत कधी कधी खरोखरच तशी थंडी पडते, आत दिवसरात्र ऊब राखावी लागते, आणि आतबाहेरचा मोठा फरक आठवडेच्या आठवडे टिकून राहतो. जेसल पार्कचे काय? मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेच्या दप्तरातील नीचांक २७ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंशांचा आहे. उच्चांक १४ एप्रिल १९५२ चा, ४२.२ अंशांचा. अर्थात हे दोन्ही अपवाद होत. वर्षातील बहुतेक दिवस बाहेर तीस ते चौतीस अंश आणि वातानुकूलित खोलीत चोवीस-पंचवीस, एवढ्याच अंतरावर आपल्या खिडकीचा सारा व्यवहार चालतो.

या फरकाचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने स्वतः करून पाहण्यासारखा आहे. एकेरी काचेचा यू सुमारे ५.८, लेपाविना दुहेरी काचेचा हवेसह २.८ व अरगॉनसह २.६, लो-ई दुहेरी काचेचा हवेसह १.६ व अरगॉनसह १.३ धरू. बाहेर तेहेतीस आणि आत चोवीस, म्हणजे नऊ अंशांचा फरक असता, लो-ई तावदानात हवेऐवजी अरगॉन भरल्याने दर चौरस मीटरला २.७ वॉट वाचतात. अमेरिकी पद्धतीतील एकोणचाळीस अंशांच्या फरकाला त्याच बदलाने सुमारे १२ वॉट वाचतात. शिवाय तिकडील गणनेत वायूचे जे तापमान धरले आहे त्याहून आपल्या उन्हातील काचा पुष्कळ अधिक तापतात; शून्य अंशाला ज्या अरगॉनची वाहकता ०.०१६३ असते, त्याच अरगॉनची पन्नास अंशाला ०.०१८९ होते, म्हणजे सुमारे सोळा टक्के अधिक. थंड देशाच्या दाखल्यावर छापलेला यू आपल्या पश्चिमेच्या भिंतीत बसविलेल्या खिडकीला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे यावरून उघड व्हावे.

आणि तरीही हा सारा जमाखर्च किरकोळ ठरेल असा एक मोठा आकडा अजून बाकी आहे, तो सूर्याचा. एप्रिलच्या निरभ्र दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडे तोंड असलेल्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॉटच्या आसपास सौरऊर्जा पडते, आणि साधी स्वच्छ काच तिच्यातील शेकडा ८० हून अधिक आत सोडते. एका बाजूला वायू बदलून वाचणारे अडीच-तीन वॉट, दुसऱ्या बाजूला उघड्या काचेतून येणारे चारशे वॉट. ज्याला आपल्या पैशाची आणि वीजनिर्मितीसाठी जळणाऱ्या कोळशाची काळजी आहे, त्याने प्रथम कोणत्या आकड्यावर हात घालावा, याविषयी दुमत होण्याचे कारण दिसत नाही.

हे माझे एकट्याचे मत असते तर त्याचे वजन थोडे राहिले असते. परंतु आपल्या शासनाच्या संहितेतच हा न्याय अंकित झालेला आहे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इको-निवास संहितेत इमारतीच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॉट ठरविली आहे, आणि ती मोजण्याच्या सूत्रात उष्ण-दमट प्रदेशासाठी, म्हणजे मुंबईसह आपल्या सागरकिनाऱ्यासाठी, तीन गुणक दिलेले आहेत: भिंतीच्या यू-ला ५.१५, काचेच्या यू-ला १.३१, आणि काचेच्या सौर उष्णतालाभाच्या गुणांकाला ६५.२१. काचेच्या यू-ला सव्वा आणि उन्हाला पासष्ट, या दोन संख्यांच्या अंतरात माझ्या लेखाचे सार आहे. दिशेचा गुणक तूर्त बाजूस ठेवून समजुतीपुरते मोजले, तर सावली नसलेल्या एकेरी स्वच्छ काचेचा भार सुमारे ६१ भरतो. तिच्या जागी लेपाविना, अरगॉन भरलेली दुहेरी काच बसविली तर सुमारे ५०. आणि काच जुनी एकेरीच ठेवून केवळ छज्जा व उभे पडदे यांनी एक तृतीयांश ऊन बाहेरच्या बाहेर अडविले तर सुमारे ४३ ते ४४. सावलीतली साधी काच उन्हातल्या अरगॉनवर मात करते. सौर उष्णता अडविणारा चांगला लेप घेतला तर भार बावीसच्या खाली येतो, आणि मग त्या लेपाच्या काचेत हवेऐवजी अरगॉन भरल्याने जी अधिक घट होते ती अर्ध्या एककाहूनही कमी असते.

या विचाराला विरोधी पक्ष आहे आणि तो ऐकून घेतला पाहिजे. कार्यालये, रुग्णालयांतील शस्त्रक्रियागृहे, संगणकांची दालने येथे वातानुकूलन अहोरात्र चालते. तेथे दुहेरी लो-ई काच निश्चितपणे लाभदायक आहे, आणि अरगॉनचा अल्प लाभही वर्षभराच्या तासांनी गुणला असता कदाचित किमतीची भरपाई करील. दुकानांतील शीतकपाटांच्या काचेच्या दारांत, जेथे फरक चाळीस-पन्नास अंशांचा असतो, तेथे तर अरगॉन आपल्या खऱ्या जागी आहे. घरातही दुहेरी काचेचा एक गुण मान्य केला पाहिजे: पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो, वातानुकूलित खोलीची एकेरी काच त्याहून थंड झाली की तिच्या बाहेरच्या अंगाला पाणी सुटते, चौकटीत बुरशी धरते, आणि दुहेरी काचेने हे बरेच टळते. रेल्वेमार्गालगतच्या घरांना गाड्यांच्या आवाजापासून दिलासा हवा असतो हेही खरे. परंतु तो दिलासा काचेच्या जाडीतून, दोन काचांच्या असमान जाडीतून आणि थर जोडून केलेल्या लॅमिनेटेड काचेतून मिळतो, अरगॉनमुळे त्यात नोंद घेण्याजोगा फरक पडत नाही. आवाज रोखण्यासाठी युरोपात एके काळी सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू भरत असत. त्याची पृथ्वी तापविण्याची शक्ती शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक असल्यामुळे युरोपीय संघाने २००६ च्या नियमांन्वये खिडक्यांतील त्याचा वापर बंद पाडला. पोकळीत काय भरतो याची नैतिक जबाबदारीही असते, हा धडा त्या प्रकरणातून घेण्यासारखा आहे.

अरगॉन निरुपद्रवी आहे, पण तो काचेत कोंडून राहील याची हमी कोण देणार? युरोपीय मानकाप्रमाणे वर्षाला शेकडा एकाहून कमी गळती मान्य धरली जाते. तथापि ती कसोटी प्रयोगशाळेत घेतलेली असते. पंचवीस अंशांना बंद केलेली पोकळी उन्हात पंचावन्न अंशांना गेली, तर वायूचा दाब दहा टक्क्यांपर्यंत वाढू पाहतो, काचा बाहेर फुगतात, रात्री पुन्हा आत बसतात, आणि या रोजच्या ओढाताणीचा ताण कडेच्या सीलवर येतो. त्यात खाडीवरची खारट, दमट हवा, चार महिन्यांचा वाऱ्यासह पाऊस आणि चौकटीच्या खाचेत साचणारे पाणी यांची भर पडली म्हणजे सील लवकर थकण्याची शक्यता वाढते. अरगॉन निघून गेल्याचे डोळ्यांना दिसत नाही; सील पुरते फुटून आत बाष्प धरले आणि काच आतून धुरकट झाली म्हणजेच गृहस्थाला कळते, आणि तेव्हा संपूर्ण तावदान बदलण्यावाचून इलाज नसतो. विसाव्या मजल्यावर ते बदलण्याचा खर्च कोणत्याही जाहिरातपत्रकात लिहिलेला नसतो.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. महागड्या हवाबंद काचेच्या मोहाने खिडकी उघडण्याचीच सोय आपण गमावून बसत आहोत. उष्ण-दमट हवेत शरीराला थंडावा मिळतो तो घाम वाळून, आणि घाम वाळतो तो वाऱ्याने. म्हणून त्याच इको-निवास संहितेने उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, ठेवण्याची अट घातली आहे, जी सर्व हवामानांत अधिकतम आहे. दोन खाचांची सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी, जी आज घरोघर आढळते, ती कितीही रुंद असली तरी निम्मीच उघडते. कोकणातील जुन्या घरांनी पडवी आणि ओटी यांच्या खोल सावलीत भिंत झाकून घेतली, छप्पर खाली ओढले, लाकडी झडपांतून वारा घेतला आणि पाऊस बाहेर ठेवला. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या कंबाला हिलवरील १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा या इमारतीत हाच न्याय उंच मनोऱ्याला लावून दाखविला: समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेकडून येतो, दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच येतो, ही मुंबईची अडचण ओळखून त्यांनी खोल्या आत घेतल्या व त्यांच्यापुढे खोल गच्च्या ठेवल्या. सावली आणि वारा यांचा मेळ उंच इमारतीत घालता येत नाही, ही सबब त्या एका उदाहरणाने चाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघाली आहे.

जेसल पार्कची भूमी या दृष्टीने भाग्यवान आहे. तिच्या उत्तरेला खाडी आहे आणि पश्चिमेला रेल्वे. एकोणीस अंश अक्षांशावर सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतच मध्यान्ही उत्तरेकडे कलतो, आणि त्यातील मोठा काळ ढगांचा असतो. म्हणून खाडीकडे उघडणाऱ्या उत्तरेच्या खिडक्या मोठ्या ठेवल्या, त्यांना साधी काच व पावसापुरता छज्जा दिला, तरी विशेष हानी होत नाही. पश्चिमेच्या खिडक्यांना मात्र खोल सज्जा, उभे पंख किंवा बाहेरून लावण्याच्या झडपा हव्यात, आणि काच लेपाची हवी. एकाच इमारतीच्या चारी बाजूंना एकाच जातीची काच लावणे ही स्थापत्याची शोभा नव्हे, विचाराची उणीव होय.

यास्तव माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली बांधकाम व्यावसायिकांकडे: खिडकीची जाहिरात करताना वायूच्या नावाबरोबर तिचा यू, सौर उष्णतालाभाचा गुणांक आणि ते आकडे कोणत्या तापमानास काढले, हा तपशील करारनाम्याच्या जोडपत्रात लेखी द्यावा, आणि सीलची मुदत व तावदान बदलण्याची जबाबदारी कोणाची हेही त्यात नमूद करावे. दुसरी मीरा-भाईंदर महानगरपालिकेकडे: बांधकामाच्या नकाशाला मंजुरी देताना प्रत्येक दिशेच्या भिंतीचा आवरणहिशेब संहितेच्या सूत्राप्रमाणे मागवावा, सावलीसाठी योजलेले भाग पुढे बंद करून खोलीत सामील केले जाणार नाहीत याची भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी रुजुवात करावी, आणि हे हिशेब नागरिकांना पाहण्यास खुले ठेवावेत. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या जोडणीभाराच्या निवासी इमारतींनाही संहितेच्या कक्षेत आणण्याचा मार्ग मोकळा केला आहे. अंमलबजावणी राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या हाती आहे, आणि तिची वाट पाहत असतानाच शेकडो भिंती उभ्या राहत आहेत. तिसरी मागणी घर घेणाऱ्यांकडे: त्यांनी नमुना सदनिका पाहताना खिडकीला हात लावून ती किती उघडते ते पाहावे, दुपारी चार वाजता पश्चिमेची खोली पाहण्याचा आग्रह धरावा, आणि वायूचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा.

शास्त्राचा अवमान करून कोणतेही नगर सुखी झाले नाही. परंतु परक्या हवामानातील शास्त्राचे निष्कर्ष आपल्या हवामानाची रुजुवात न करता स्वीकारणे, हाही शास्त्राचा एक प्रकारचा अवमानच आहे. ज्या सूत्राने अरगॉनचा गुण सिद्ध होतो त्याच सूत्राने भाईंदरमधील त्याच्या गुणाची मर्यादाही सिद्ध होते, आणि त्या सूत्रात सावली, लेप, उघडणारी खिडकी व शेवटी वायू हा क्रम स्पष्ट लिहिलेला आहे. तो क्रम उलटा करण्याचा अधिकार जाहिरातीला देऊ नये. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडेल असा छज्जा प्रत्येक खिडकीवर आला, तर तो श्रीमंताच्या तावदानातील दुर्मीळ वायूपेक्षा या शहराची अधिक वीज वाचवील, आणि तिचा लाभ ज्यांच्या घरी वातानुकूलन नाही त्यांनाही मिळेल. सार्वजनिक धोरणाने प्रथम त्यांच्या खोलीतील उष्म्याचा विचार करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.